तो का पडला?

आजऱ्यात पहाटे साडेपाचला रस्त्यावर गाड्यांपेक्षा पोरं जास्त असतात. आंबोलीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने ती पळत असतात. कुणाला पोलीस व्हायचंय, कुणाला आर्मीत जायचंय. मोबाइलवर स्टॉपवॉच लावलेलं असतं आणि डोक्यात एकच आकडा: सोळाशे मीटर, पाच मिनिटं दहा सेकंद. त्याच्या आत आलं तर पोलीस भरतीत धावण्याचे पैकीच्या पैकी गुण.

या पोरांतलं एक आमच्या गल्लीतलं. मध्यंतरी ते पळताना दिसेना. विचारलं तर त्याच्या आईने बंद केलं होतं. कारण त्याच मोबाइलवर आलेला एक व्हिडिओ. कुठलं तरी मैदान, बॅटिंग करणारा पंचविशीचा मुलगा, छातीवर हात, आणि धाडकन खाली. गाव नाही, तारीख नाही. खाली शंभर कारणं मात्र आहेत. लशीमुळे. प्रोटीन पावडरमुळे. जिममुळे. हल्लीच्या पोरांत दम नाही म्हणून. एकाने नजर लागली असंही लिहिलं होतं.

काकूंना म्हटलं, असल्या व्हिडिओंवर विश्वास ठेवू नका. त्यावर त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे विश्वास. तू एवढं वाचतोस न्हवं? मग सांग की, तो का पडला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या मुलाबद्दल आजही नाही. पण हा प्रश्न पहिल्यांदा कुणी विचारला आणि तेव्हा लोकांनी काय काय ठरवून टाकलं, हे शोधत गेलो. सुरुवात फार लांबून करावी लागली नाही. संकेश्वर-बांदा रस्ता आमच्या गावातून जातो, तो पुढे गोव्यातच उतरतो.

त्या गोव्याचा एक क्लब, धेंपो. फुटबॉलवेड्या गडहिंग्लजकरांना त्याची ओळख करून द्यायला नको. २००४ साली धेंपोने क्रिस्तियानो ज्युनियर नावाचा ब्राझीलचा स्ट्रायकर आणला. वय २५. आदल्या हंगामात त्याने ईस्ट बंगालकडून राष्ट्रीय लीगमध्ये सर्वाधिक गोल केले होते. ५ डिसेंबर २००४, रविवार. बंगळूरच्या कंठीरवा स्टेडियमवर फेडरेशन कपची अंतिम लढत, समोर मोहन बागान. धेंपोने ती २-० ने जिंकली आणि दोन्ही गोल क्रिस्तियानोचे. दुसरा गोल मारताना तो बागानच्या गोलकीपरवर आदळला. चेंडू जाळ्यात गेला, क्रिस्तियानो खाली पडला, तो उठलाच नाही. रुग्णालयात त्याला मृत घोषित केलं.

त्या चित्रणात दिसतं ते एवढंच: गोलकीपर पुढे आला, धडक झाली, माणूस पडला. एवढ्यावर लोकांचा निकाल तयार झाला. गोलकीपरने मारला. तो गोलकीपर म्हणजे सुब्रत पाल, जेमतेम अठरा वर्षांचा पोरगा. टीव्हीवर, पेपरांत तीच धडक पुन्हा पुन्हा. भारतीय फुटबॉल महासंघाने त्याच्यावर दोन महिन्यांची बंदी घातली. शवविच्छेदनात हृदयक्रिया बंद पडून मृत्यू असं आलं. मैदानावरची वैद्यकीय तयारी अगदीच तोकडी होती, अशीही टीका झाली. पण टीकेला चेहरा नसतो आणि गोलकीपरला असतो, त्यामुळे लक्षात राहिला तो गोलकीपर.

मला या सगळ्यात 'हृदयक्रिया बंद पडून' हे तीन शब्द खटकतात. जुन्या मराठी पेपरांत निधनाच्या बातमीत ते हमखास असत. त्यातून कळत काहीच नाही. हृदय थांबलं, हे तर दिसतंच आहे. ते का थांबलं, हा प्रश्न आहे.

इथे थोडं शेतातल्या मोटरीकडे वळू. मोटर पाणी देत नसेल तर दोन शक्यता असतात. पाइपात कचरा अडकलाय, किंवा फेज गेलाय. हार्ट अटॅक म्हणजे पाइपात अडकणं. हृदयालाच रक्त पुरवणारी नळी तुंबते, बहुतेकदा वयाने आणि वर्षानुवर्षांच्या साठ्याने. कार्डिअ‍ॅक अरेस्ट म्हणजे विजेचा घोटाळा. ठोक्याची लय बिघडते, हृदय आकुंचन पावायच्या ऐवजी नुसतं थरथरतं, रक्त पुढे जात नाही, माणूस काही सेकंदांत बेशुद्ध पडतो. अटॅकमधून अरेस्ट होऊ शकतो, पण दोन्ही एक नव्हेत. आपल्या बातम्यांत मात्र दोन्ही सरसकट 'हार्ट अटॅक' असतात. आणि तरुण खेळाडू पडतो तेव्हा मामला बहुतेकदा विजेचा असतो.

ही वीज बिघडायची कारणं अनेक. काहींच्या हृदयाचे स्नायू जन्मतः जाड होण्याच्या वाटेवर असतात. काहींची रक्तवाहिनी चुकीच्या जागेवरून निघालेली असते. साध्या तापानंतर हृदयाच्या स्नायूंना सूज येऊ शकते, आणि अशा वेळी जोरात पळणं धोक्याचं. काहींचं हृदय दिसायला ठणठणीत, फाडून पाहिलं तरी काही सापडणार नाही, दोष फक्त विजेच्या मार्गात. अशी माणसं पळताना पडतात, मोठ्या आवाजाने दचकून पडतात, आणि कधी कधी पट्टीचा पोहणारा शांत पाण्यात बुडतो. शिवाय एक विचित्र योगायोग: अगदी निरोगी माणसाच्या छातीवर, दोन ठोक्यांमधल्या एका नेमक्या क्षणी फटका बसला तर लय तुटते. तो क्षण एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढा. क्रिकेटचा चेंडू पुरतो.

क्रिस्तियानोच्या बाबतीत यातलं नेमकं काय झालं, ते मी सांगणार नाही. फक्त एवढंच, की या यादीतलं काहीही खरं असलं तरी अठरा वर्षांच्या गोलकीपरने खून केला असं त्यातून निघत नाही.

पडलेल्या धावपटूचं कारण पाहणाऱ्यांनी ठरवायचं, ही रीत खूप जुनी आहे. मॅरेथॉनची गोष्ट शाळेत सगळ्यांनी ऐकलेली असते. ग्रीक दूत रणांगणावरून अथेन्सला धावत आला, विजयाची बातमी दिली आणि कोसळून मेला. आता गंमत बघा. हेरोडोटस या इतिहासकाराने त्या लढाईनंतर काही दशकांतच लिहिलं. त्याच्या लिखाणात एक धावणारा दूत आहे, तो मदत मागायला स्पार्टाला जातो, आणि मरत वगैरे काही नाही. बातमी देऊन मरणारा त्या नावाचा दूत आपल्याला भेटतो तो ल्युसियन या लेखकाकडे, सहाशे वर्षांनंतर. म्हणजे अति धावल्याने मेलेला जगातला सगळ्यात प्रसिद्ध माणूस बहुधा तसा मेलाच नव्हता. ती गोष्ट लोकांना हवी होती.

१८६७ साली लंडनच्या 'टाइम्स'मध्ये फ्रेडरिक स्के नावाच्या नामांकित सर्जनचं पत्र छापून आलं. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या पोरांची दरवर्षी थेम्स नदीत होड्यांची शर्यत होते, तिच्याविरुद्ध. या शर्यतीने कोवळ्या पोरांच्या हृदयाची वाट लागते आणि ती लवकर मरतात, असा त्याचा सूर. पत्रावर पत्रं आली. अमुक वल्हवणारा तिशीत गेला, तमुक असा गेला. त्या काळचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच म्हणा.

मग जॉन मॉर्गन नावाच्या डॉक्टरने एक कंटाळवाणं काम केलं. तो स्वतः ऑक्सफर्डचा जुना वल्हवणारा. त्याने १८२९ पासून १८६९ पर्यंत त्या शर्यतीत उतरलेल्या २९४ जणांची यादी केली आणि एकेकाचा माग काढला. कोण जिवंत, कोण गेला, कशाने गेला. काही वर्षं त्यात गेली. १८७३ साली पुस्तक आलं. निष्कर्ष असा, की वल्हवणारे विमा कंपन्यांच्या सरासरीपेक्षा साधारण दोन वर्षं जास्तच जगत होते. या विषयाच्या इतिहासात मला सगळ्यात आवडलेला माणूस हा मॉर्गन. एक पत्र लिहायला स्केला एक संध्याकाळ लागली असेल. ते खोडायला मॉर्गनला वर्षं लागली.

पण वाद मिटला नाही, फक्त त्याचं रूप बदललं. १८९९ मध्ये स्वीडनचा डॉक्टर हेन्शेन बर्फावरच्या शर्यतीतल्या खेळाडूंच्या छातीवर बोटांनी टकटक करून हृदयाचा आकार मापत होता. खेळाडूंचं हृदय मोठं निघालं. त्याचं म्हणणं, ते मोठं आहे म्हणूनच जिंकतं. इतर अनेकांना ते मोठं हृदय म्हणजे आजारच वाटला. अमेरिकेत क्लॅरेन्स डीमार या धावपटूच्या छातीत डॉक्टरला वेगळा आवाज ऐकू आला आणि पळणं सोड, असा सल्ला मिळाला. १९११ साली तो बोस्टन मॅरेथॉन जिंकला. पुढे आणखी सहा वेळा जिंकला. १९५८ मध्ये सत्तरीत कॅन्सरने गेला, तेव्हा त्याचं हृदय उघडून पाहिलं. त्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या सर्वसाधारण माणसापेक्षा दुप्पट-तिप्पट रुंद निघाल्या.

योगायोग असा, की त्याच १९५८ साली लंडनच्या डोनाल्ड टिअर या शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरने आठ तरुण माणसांच्या हृदयांचं वर्णन छापलं. बहुतेक अचानक गेलेली. हृदयाच्या दोन कप्प्यांमधली भिंत एका बाजूने बेढब जाड, आणि स्नायूंचे धागे सरळ ओळीत नसून विस्कटलेले. हा आजार घराण्यातून चालत येतो, हेही पुढे लगेच लक्षात आलं. आज तो साधारण पाचशे माणसांत एकाला असतो असं मानतात. त्यातले बहुतेक आयुष्यभर सुखरूप जगतात. थोड्यांच्या बाबतीत पहिलं लक्षण आणि शेवटचं लक्षण एकच असतं.

डीमारचं मोठं हृदय आणि टिअरच्या टेबलावरचं जाड हृदय, या दोहोंतला फरक बाहेरून दिसत नाही. गोंधळाचं मूळ तिथे आहे. २६ जून २००३ ला फ्रान्सच्या लियों शहरात कॅमेरूनचा मार्क-विव्हियन फोए मैदानाच्या मध्यभागी, आजूबाजूला कुणीही नसताना कोसळला. धडक नाही, धक्का नाही. उकाडा, लागोपाठचे सामने, दमणूक, काय काय बोललं गेलं. तपासणीत हृदयाचा स्नायू जाड झाल्याचं निष्पन्न झालं. २८ वर्षांचा, वर्षानुवर्षं व्यावसायिक फुटबॉल खेळलेला माणूस. ही घटना क्रिस्तियानोच्या दीड वर्ष आधीची. बंगळूरला मात्र समोर एक गोलकीपर उभा होता, म्हणून प्रश्न तिथेच थांबला.

लोकांचा अंदाज नेहमीच चुकतो असं नाही. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पोर्तुगालचा लाझारो मॅरेथॉन धावताना पडला आणि दुसऱ्या दिवशी गेला. उन्हाचा दिवस होता, आणि अंग भाजू नये म्हणून त्याने अंगाला मेणासारखं काहीतरी फासलं होतं असं सांगतात. घाम अडला की शरीर आतून तापतं. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावताना काही उमेदवार दगावले, तेव्हा लोक उन्हाबद्दल, पाण्याबद्दल, रात्रभर फुटपाथवर काढून उपाशीपोटी धावण्याबद्दल बोलले. ते बोलणं रास्त होतं. तिथे 'पोरांत दम नाही' हे म्हणणं उलट निर्लज्जपणाचं होतं. आमच्याकडच्या तालमींतून तरुण मल्ल अचानक गेल्याच्या बातम्या येतात तेव्हा दबक्या आवाजात इंजेक्शनचा विषय निघतो. स्नायू वाढवणाऱ्या औषधांनी हृदयाचं नुकसान होतं, हे खरं आहे. पण गेलेल्या प्रत्येक पोराच्या आईबापाला त्या संशयाखाली जगायला लावणं, हे कुठलं वैद्यकशास्त्र?

आता लस. काकूंच्या मनात ती होतीच.

१२ जून २०२१ ला कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन फिनलंडविरुद्ध खेळताना पडला. तो जमिनीवर असतानाच कारण फिरू लागलं: लस घेतली होती. त्याच्या क्लबच्या संचालकाने सांगितलं, की त्याने तोवर लस घेतलेलीच नव्हती. खुलासा किती जणांपर्यंत पोचला ते तुम्हीच ठरवा. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला पुनीत राजकुमार गेले. आमच्या तालुक्यापासून कर्नाटक जवळच, त्यामुळे ती बातमी इकडे घरचीच. वय ४६, जिम करणारा, फिट दिसणारा नट. पुढचे काही दिवस बंगळूरच्या हृदयरोग रुग्णालयात तपासणीसाठी रांगा लागल्या. २ जानेवारी २०२३ ला अमेरिकन फुटबॉलमध्ये डामर हॅम्लिन छातीवर धडक बसून पडला आणि काही मिनिटांत पुन्हा तेच, लस. प्रत्यक्षात तो वर सांगितलेला नेमक्या क्षणाचा फटका होता. त्याने स्वतःच नंतर तसं जाहीर केलं.

लशीबद्दल जे खरं आहे ते लपवायचं कारण नाही. फायझर आणि मॉडर्नाच्या एमआरएनए प्रकारच्या लशींनंतर, मुख्यतः तरुण मुलग्यांत, क्वचित हृदयाच्या स्नायूंना सूज आली. बहुतेक बरे झाले. आपल्याकडे बहुसंख्य लोकांनी घेतली ती कोविशील्ड नाहीतर कोव्हॅक्सिन, आणि त्या या प्रकारच्या लशी नव्हेत. कोविशील्डचा दुर्मीळ धोका वेगळा, रक्ताच्या गाठींचा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, मॉर्गनसारखंच कंटाळवाणं काम केलं. देशातल्या ४७ रुग्णालयांच्या परिसरात अचानक गेलेले १८ ते ४५ वयाचे ७२९ जण, आणि तुलनेसाठी त्याच वयाचे, त्याच भागातले २,९१६ जिवंत लोक. २०२३ मध्ये निकाल आला. लस घेतल्याने अकस्मात मृत्यूचा धोका वाढल्याचं दिसलं नाही. दोन डोस घेतलेल्यांत तो कमीच होता. धोका वाढलेला दिसला तो कोविडमुळे रुग्णालयात राहिलेल्यांत, घरात आधी असा अचानक मृत्यू झालेल्यांत, आदल्या दोन दिवसांत बेसुमार दारू प्यायलेल्यांत, नशा केलेल्यांत आणि अति जोराचा व्यायाम केलेल्यांत.

यातल्या दुसऱ्या मुद्द्यावर थोडं थांबा. घरात आधी कुणी अचानक गेलंय का? हा प्रश्न फुकटात विचारता येतो. इटलीने १९८२ पासून स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूंना वैद्यकीय तपासणी आणि ईसीजी सक्तीचा केला. तिथल्या व्हेनेतो प्रांतात पुढच्या वीसेक वर्षांत खेळाडूंचे अकस्मात मृत्यू जवळपास नव्वद टक्क्यांनी घटल्याची नोंद आहे. इस्रायलने अशीच सक्ती केली तेव्हा तसा फरक दिसला नाही, म्हणून जगभर यावर अजून वाद आहे. ईसीजीतून सगळं दिसत नाही, आणि कधी नसलेलंही दिसतं. घराण्याचा इतिहास आणि पळताना कधी चक्कर आली का, हे दोन प्रश्न मात्र कुणीच वादात काढत नाही.

मृत्यू वाढलेत की व्हिडिओ वाढलेत, हे नीट ठेवलेल्या नोंदीशिवाय सांगता येत नाही. अमेरिकेत कॉलेजच्या खेळाडूंची अशी नोंद ठेवतात. तिथे वर्षाला साधारण पन्नास हजारांत एक, असं प्रमाण निघालं. म्हणजे काकूंच्या पोराला आंबोलीच्या रस्त्यावर धोका जास्त आहे तो ट्रकचा.

एरिक्सन वाचला. का वाचला, त्यात गूढ काही नाही. कॅप्टन सिमोन केअर धावत गेला, लगेच मदत बोलावली, डॉक्टरांनी छाती दाबायला घेतली, यंत्राने विजेचा एक झटका दिला आणि तो शुद्धीवर आला. छातीच्या मधोमध, दोन्ही हातांनी, पाचेक सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. हात लागले नाहीत तर जगायची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते. आमच्या गावाहून कोल्हापूर दोन तास. १०८ ला फोन लावायचाच, पण गाडी येईपर्यंत जे हात आहेत ते शेजारी उभ्या असलेल्या पोरांचेच. गेल्या वर्षी एका गावात टेनिस बॉलच्या स्पर्धेला गेलो होतो. डीजे होता, ड्रोन होता, षटकारावर फटाके होते. छाती दाबता येणारा कोण, असं आयोजकांना विचारलं तर त्यांना वाटलं मी थट्टा करतोय.

एरिक्सनच्या छातीत लय सांभाळणारं छोटं यंत्र बसवलं. इटलीच्या नियमांत त्यासह खेळता येत नव्हतं, म्हणून तो इंग्लंडला गेला, आणि २०२४ च्या युरो स्पर्धेत त्याने डेन्मार्कसाठी गोल मारला. सुब्रत पाल पुढे भारताचा पहिल्या पसंतीचा गोलकीपर झाला, २०११ च्या आशियाई चषकात त्याच्या झेपा बघून लोक त्याला स्पायडरमॅन म्हणू लागले, अर्जुन पुरस्कारही मिळाला. तरी त्याचं नाव शोधलं की ती धडक अजून वर येते. धेंपोने क्रिस्तियानोची दहा नंबरची जर्सी निवृत्त केली.

हे सगळं काकूंना एका बैठकीत सांगणं शक्य नव्हतं. मी एवढंच म्हटलं, पोराला एकदा डॉक्टरकडे नेऊन आणू. गडहिंग्लजला गेलो. डॉक्टरांनी नळी लावली, ईसीजी काढला, तो ठीक दिसतोय म्हणाले. मग विचारलं, घरात कुणी चाळिशीच्या आत अचानक गेलंय का?

"नाही," काकू म्हणाल्या. थोड्या वेळाने स्वतःच म्हणाल्या, "माझा भाऊ गेला. पण तो तसा नाही गेला. हिरण्यकेशीत पोहताना गेला. एकोणीस वर्षांचा. नदी आडवी-उभी पोहायचा. त्याला आसरांनी ओढलं म्हणतात."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि ईसीजीची पट्टी पुन्हा हातात घेतली. पाणी किती होतं, पूर होता का, विचारलं. उन्हाळा होता, काकू म्हणाल्या, कमरेएवढं पाणी.

पुढच्या आठवड्यात कोल्हापूरला जायचंय, सोनोग्राफी आणि ट्रेडमिलच्या तपासण्या आहेत. तोवर ते पोर पळत नाही. पहाटे बाकीच्यांबरोबर रस्त्यावर जातं आणि कडेला उभं राहून त्यांचा वेळ लावतं.